लंकेची इर्जिक

सांगतो ते कोणाला खरं वाटणार नाही, आणि वाटू नये अशीच माझी इच्छा आहे. खरं वाटलं तर उद्या दिल्लीची माणसं सल्ला मागायला माझ्या दारात जीपगाड्या उभ्या करतील आणि म्हैस बांधायला जागा उरणार नाही. पण एकोणीसशे नव्वद साली लंकेत अडकून पडलेली आपली फौज माघारी आणली, ती मी. बंदूक न उचलता, आमच्या हिंगोलीकडच्या पुसेगावची शीव न ओलांडता, एका दुपारच्या जेवणात.

असं मी बोललो तेव्हा चांगुणाबाईच्या अंगणात पंगत बसली होती. तिचा लेक धम्मानंद फौजेत अठरा वर्षं काढून, हवालदार होऊन, पेन्शन घेऊन घरी आला होता. साल दोन हजार तीन, जूनचा महिना. बौद्धवाड्यातली आणि गावातली मिळून पन्नासेक माणसं मांडवाखाली ताटावर होती. चांगुणाबाईचा पुतण्या प्रमोद शाळेत गुरुजी आहे. तो ताटावरसुद्धा पेपर वाचून राहिला होता.

"दादा," प्रमोद धम्मानंदला म्हणाला, "अमेरिका म्हणून राहिली, तुमची फौज इराकला धाडा, आमाला मदत करा. धाडायची का?"

"शिपायाला कोणी विचारत नसतं, प्रमोद. गाडीत बस म्हणलं की बसायचं. कुठं उतरायचं ते उतरल्यावर कळतं."

"पण तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, वरण वाढावं कोणीतरी."

पंगत हसली. फौजी माणसाला याहून जास्त बोलायला लावणं बराबर नाही, म्हणून मी मधे पडलो.

"इराकचं मला विचार, प्रमोद गुरुजी. लंकेचं प्रकरण मीच निस्तरलंय."

"माऊलीमामा, सुरू झाले का तुमी?"

सुरू झालो. आता तुम्हालाही तेच सांगतो.

सत्याऐंशी साली लंकेत तिथलं सरकार आणि तिथलेच तमिळ बंडखोर यांची जुंपली होती. दिल्लीनं समझोता केला आणि आपली फौज गेली शांतता राखायला. शांतता राखता राखता फौजेलाच लढाई लागली. त्या फौजेत आमचा धम्मानंद होता, भरती होऊन दोनच वर्षं झालेला. चांगुणाबाईचा नवरा जळबा आधीच वारला होता. घरी ती एकटी. एक एकर रान, एक बैल, आणि सकाळी आमच्या गोठ्यात शेणपाण्याचं काम.

माझ्याकडं रेडिओ होता. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्याकडं गावाचं परराष्ट्र खातं आपसूक येतं. एका सकाळी शेणाची पाटी भरता भरता तिनं विचारलं, "माऊली भाऊ, माझं पोरगं गेलं कुठं, अन् कशाला?"

समझोता, बंडखोर, शांतिसेना हे तिला कसं सांगावं? मलाच कळलं नव्हतं. मी म्हणालो, "शेजाऱ्याच्या शेतात इर्जिकीला गेलंय असं समज."

इर्जिक म्हणजे काय ते आता ट्रॅक्टरच्या काळात सांगावं लागतं. ज्याच्या रानात काम जास्त आणि बैल कमी, तो गावाला हाक देतो. गाव आपापली औतं घेऊन पहाटेच त्याच्या शेतात उतरतं. मजुरी नाही. त्या दिवसापुरतं ते शेत सगळ्यांचं. पण कायदे कडक. मालकानं "सोडा" म्हटलं की औत सुटलंच पाहिजे, मग नांगरटीचं तास अर्धं राहो. मग मालक सगळ्यांना जेवू घालतो. शेवटचा घास मालकाचा. तो घास त्यानं गिळला की इर्जिक फिटली, कोणाचं कोणाकडं काही राहिलं नाही. आमच्या गावात जळबाचा बैलसुद्धा इर्जिकीला यायचा. जळबाची पंगत मात्र बाजूला बसायची. तेव्हा तसंच होतं, आणि तसं आहे हे आमच्या लक्षातही येत नव्हतं.

तर चांगुणाबाईला इर्जिक पटली. "मंग येईल संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली आणि हसली. तिला कळत होतं की संध्याकाळ लांब आहे. पण अडीच वर्षं लांब असेल हे तिला नाही, मला नाही, दिल्लीला तर नाहीच नाही.

पत्रं यायची. पोस्टमन ती माझ्या हातात द्यायचा आणि मी गोठ्यात उभा राहून वाचायचो. वाचताना माझ्या पदरचं थोडं घालायचो, चारदोन हत्ती वगैरे. पण एका पत्रात घालायला काही सुचलं नाही. धम्मानंदनं लिहिलं होतं, "आई, इथली माती लाल हाय. आमच्या चौकीच्या मागं पिंपळाखाली बुद्धाची मूर्ती हाय. पहाऱ्याला उभं राहिलं की पाठ तिकडं होती. बरं वाटत न्हाई."

ते ऐकून तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "बुद्धाच्या देशात बंदूक घेऊन गेलंय माझं लेकरू."

त्यानंतर पत्रं थांबली. नव्वदचा जानेवारी उजाडला. ज्वारी हुरड्यात आली, हळदीची पानं पिवळी पडायला लागली, तीन महिने झाले, पत्र नाही. चांगुणाबाई बोलायची बंद झाली. पाटी उचलायची, ठेवायची, जायची. मंजुळा, म्हणजे आमची बायको, मला म्हणाली, "तिच्याशी बोला काहीतरी. ती म्हशीपेक्षा गप झाली." मी काय बोलणार? दोन दिवसांनी तीच बोलली.

"माऊली भाऊ, तुमीच रेडिओवर ऐकलं न्हाई का, लंकेचं सरकार मागल्या उन्हाळ्यातच म्हणलं, आता तुमी जावा म्हणून?"

"व्हय, म्हणलं तर."

"मंग मालकानं सोडा म्हणल्यावर औत काहून सुटंना?"

आता बघा. मी जन्मभर दुसऱ्याला अडचणीत टाकलं, मला कोणी टाकलं नव्हतं. त्या बाईनं शेणाच्या हातानं मला कोपऱ्यात धरलं. दिल्लीचे मोठमोठे लोक ज्याचं उत्तर शोधून राहिले होते ते मला जागेवर द्यायचं होतं. मी तोंडाला येईल ते बोललो.

"मालकानं सोडा म्हणलं खरं. पण जेवू कुठं घातलं? जेवल्याबिगर इर्जिक कशी सुटंल?"

तिनं पाटी खाली ठेवली. "मंग आपण घालू."

"आं?"

"लंकेच्या वतीनं आपण घालू. ज्वारी हाय माझ्याकडं. गावानं धाडलं, गाव जेवंल. मंग तरी सुटंल न्हवं?"

थाप माझी होती, पण तिनं तिचा कायदा करून टाकला. दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. सरपंच होते उकंडराव, साठ एकराचे धनी, मिशी अशी की तिच्यावर दोन चिमण्या बसायच्या आणि एकमेकींना दिसायच्या नाहीत.

"चांगुणा, येडी का खुळी तू?" उकंडराव म्हणाले. "फौज काय जेवणानं माघारी येत असती?"

"मंग कशानं येती, मालक? तुमी सांगा, तसं करू."

"यायचीच काहून? मी म्हणतो, ऱ्हाऊ द्या फौज तिथं. काम अर्धं टाकून यायचं? हजाराच्या वर पोरं मेली आपली लंकेत. ती मंग कशासाठी मेली? मला शिकवू नका. माझा चुलतभाऊ पासष्टच्या लढाईत गेला. त्याची पिशवी आली घरी, तो न्हाई आला. अर्धं तास टाकून पळून आलो तर त्या मेलेल्या पोरांना काय तोंड दाखवायचं?"

उकंडराव खोटं बोलत नव्हते. त्यांच्या घरात ती पिशवी अजून खुंटीला आहे, मी पाहिली आहे.

चांगुणाबाई पदर आवरून खाली मातीत बसली. म्हणाली, "मालक, तुमच्या भावाचं मला वाईट वाटतं. पण मेलेल्या पोरांचं काम जित्या पोरांनी मरून पुरं होत असतं व्हय? हजार मेले म्हणून आणिक एक धाडायचा, मंग हजार अन् एक मेले म्हणून आणिक एक. हे कुठं थांबायचं? अन् शेत ज्याचं तो सोडा म्हणतो. तरीबी औत चालवलं तर त्याला आपल्या गावात इर्जिक म्हणत न्हाईत. काय म्हणतात ते तुमी सांगा."

उकंडराव मिशीला हात लावून राहिले. मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "कब्जा म्हणतात."

"कोण बोललं रे?" उकंडराव गरजले. कोणी बोललं नव्हतं. मी बोललो होतो.

मग उकंडराव म्हणाले, "जेवणावळ कर तुला करायची तर. फौज येवो न येवो, माय हाय ती, तिचं मन राहील. पण लंकेच्या वतीनं म्हणती, तर लंकेचा मालक कोण व्हायचा?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. गावातली कुठलीही थाप शेवटी माझ्याच दारात येऊन बसते.

मी आनंदानं तयार झालो. लंकेचा राजा म्हणजे दहा तोंडं पाहिजेत, म्हणून मी घरून नऊ भोपळे आणले, त्यांना कोळशानं मिशा काढल्या आणि खांद्यावर बांधायला लागलो. चांगुणाबाईनं ते पाहिलं आणि चुलीपुढून उठली.

"काढा ते. तिथं आता रावण न्हाई. तिथं तथागताची मानसं राहत्यात. पांढरं धोतर नेसा अन् गुमान बसा."

नऊ भोपळ्यांची भाजी झाली. सांगतो ना, राजाची तोंडं चिरून शिजवलेली जेवणावळ मराठवाड्यात ही पहिलीच.

माघातला दिवस, टळटळीत दुपार. चांगुणाबाईच्या अंगणात सहा चुली लागल्या. मंजुळा भाकरी थापायला गेली, तिच्यामागं गावातल्या आणखी बाया गेल्या. त्या दिवशी किती भाकरी झाल्या विचाराल तर उतरंड विजेच्या तारेला टेकली आणि लाइनमनला फ्यूज काढावा लागला. धूर असा निघाला की हिंगोलीच्या स्टेशनमास्तरला वाटलं गाडी आली, त्यानं सिग्नल पाडला. भोपळ्याच्या भाजीला घातलेल्या ओल्या हळदीचा वास कयाधू नदी ओलांडून दक्षिणेला निघाला. वारा चांगला होता. मी हिशेब केला, रात्रीपर्यंत रामेश्वर, पुढं पाण्यावरून जायला वासाला काय जहाज लागतंय?

पंगत बसली. बौद्धवाड्यातली माणसं बसली, आणि गावातली माणसं येऊन अंगणाच्या कडेला उभी राहिली. बसायला कोणी तयार नव्हतं. आजवर त्या अंगणात गावातल्या माणसानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. माणसं एकमेकांच्या खांद्याआडून बघत होती, कोण पहिला बसतो म्हणून. मीसुद्धा पांढऱ्या धोतरात उभाच होतो, पण मी मालक. मालकानं शेवटी बसायचं असतं. माझं सोपं होतं.

चांगुणाबाई परात धरून उभी. तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तिच्या हिशेबानं एक माणूस जरी उपाशी राहिला तरी इर्जिक सुटणार नव्हती आणि तिकडं लाल मातीत पोरगं उभंच राहणार होतं.

तेवढ्यात उकंडराव पुढं आले. पायातल्या वहाणा काढल्या, डोक्याचा फेटा काढला आणि तो मांडीवर घेऊन मातीतच बसले, ताटाची वाटसुद्धा न बघता. म्हणाले, "वाढ चांगुणा. माझ्या भावाच्या वेळी कोणी इर्जिक सोडवली न्हाई. तुझ्या पोराची सुटू दे. फौज काहून आणावी ते मला अजून पटलं न्हाई, पण पोरगं गावाचं हाय."

मग काय! अख्खा गाव बसला. ज्यांचं घरी जेवण झालं होतं तेसुद्धा बसले. उकंडरावांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथी मागितली. मिशीवरच्या दोन्ही चिमण्या जेवल्या.

सगळे उठल्यावर मी मधोमध उभा राहिलो, दक्षिणेकडं तोंड केलं आणि छातीत भरेल तेवढा वारा भरून ओरडलो, "सोडाऽऽ!" आवाज असा गेला की गोरेगावच्या रानात चाललेल्या औतांचे बैल जुवातून मान काढून घरी निघून गेले. सेनगावच्या बाजारात दावणीला बांधलेली जनावरं सुटली. आणि लंकेत, समुद्रात, आपल्या जहाजांचे नांगर कोणी हात न लावता वर आले.

"मामा," इथं धम्मानंदनं मला अडवलं, घास तोंडाशी तसाच धरून, "फौज तर आदल्या पावसाळ्यापासूनच थोडी थोडी निघाली होती. आमची पाळी शेवटी होती, एवढंच."

"ती थोडी थोडी निघाली ती तुझ्या आईनं नुसतं पीठ दळायला काढलं त्याच्या वासानं. सबंध निघाली ती जेवणानंतर. तारखा बघ ना! जेवण माघात, अन् मार्चच्या शेवटी रेडिओ म्हणला का न्हाई, लंकेतला शेवटचा भारतीय जवान जहाजावर चढला म्हणून?"

"चढला. मी मागून तिसरा होतो."

"झालं तर! एप्रिलात हिंगोलीच्या स्टेशनात तू उतरला तवा तुला घ्यायला कोणाची गाडी आली होती?"

"उकंडरावांची. बैलांच्या शिंगांना रंग लावून आणले होते त्यांनी. स्वतः हाकत होते." धम्मानंदनं हातातला घास ताटात ठेवला. "रस्ताभर मला एकच विचारत होते, काम अर्धं राहिलं का रे? मी म्हणलं, मालक, ते काम आमचं नव्हतंच. तिथलं तिथल्यांनीच करायचं हाय. गावाजवळ आल्यावर म्हणले, बरं झालं तू आला."

उकंडराव आता नाहीत.

प्रमोदनं पेपर घडी करून मांडीखाली घातला. "मंग मामा, इराकचं काय? तुमचा इर्जिकीचा कायदा काय म्हणतो?"

"कायदा सरळ हाय, गुरुजी. पहिलं विचारायचं, हाक कोणी दिली? शेताच्या मालकानं दिली, तर बैल घेऊन जावं अन् तो सोडा म्हणल्यावर परत यावं. पण हाक देणाराच जर दुसऱ्याच्या शेतात विनापरवाना उभा असंल, तर त्याच्या हाकेला जाणाऱ्याला काय म्हणायचं ते तुझ्या चुलतीला विचार. तिनं सगळ्या पंचायतीला गप केलंय."

"बराबर हाय," धम्मानंद म्हणाला. पेन्शनीत गेल्यापासून त्यानं दिलेलं हे पहिलं मत. "माझ्या पलटणीत आता नवी पोरं हायेत, वीस-एकवीस वर्षांची. ती न्हाई गेली पाहिजेत."

"न्हाई जाणार," मी म्हणालो. "गेलीच तर मी पुन्हा धोतर नेसतो. भोपळे हायेत घरी. मला इर्जिक सोडवायची सवय झालीय. अन् सोडवायची म्हणजे कशी, तर कायद्यानं, शेवटपर्यंत. त्या दिवशी सगळा गाव हात धुवून उठला, मंग मी बसलो. मालकाचा शेवटचा घास. चांगुणाबाईनं वाढलेली भाकर मी या इथं, याच अंगणात बसून, कुस्करून, भाजीत कालवून, बोटं चाटून खाल्ली. कोरसुद्धा ठेवली न्हाई. तो घास माझ्या गळ्याखाली उतरला अन् तिकडं लंकेत—"

"खोटं."

चांगुणाबाई भाकरीची परात घेऊन माझ्यापुढं उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण अख्ख्या पंगतीला ऐकू गेला. मंजुळा बायांमधे बसली होती, तिनं मान खाली घातली.

"तेरा वर्षं झाली, मी ऐकून राहिले. धूर तुमचा, चिमण्या तुमच्या, जहाजं तुमची. मी कवा काही म्हणले न्हाई. पण हे खोटं हाय, माऊली भाऊ. उकंडराव जेवले, सगळा गाव जेवला. तुमी पोटात दुखतंय म्हणले, भाकर धोतराच्या सोग्यात घातली अन् मागल्या बोळानं गेले. सकाळी शेण काढायला आले तवा गव्हाणीत तिचा तुकडा दिसला मला. माझ्या हातची भाकर मला वळखू येती. त्या दिवशी आमच्या घरचं तुमच्या बैलानं खाल्लं, तुमी न्हाई. अन् आजबी मघापासून नुसतं बोलूनच राहिले, ताटाला हात न्हाई लावला. पुरं झालं आता. खा."